ठसेगुरुजी आणि सातव्या हिवाळ्यातलं मांजर

आमच्या शाळेत शिक्षक सहा होते आणि पोरांनी सहाही जणांना नावं ठेवली होती. पण तोंडावर म्हणायची हिंमत व्हावी असं नाव एकच, ठसेगुरुजी. त्यांनाही ते आवडायचं. शास्त्र शिकवायचे, पण फळ्याकडे त्यांचं लक्ष कमी आणि जमिनीकडे जास्त. रस्त्याने मान खाली घालून चालायचे. नवख्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी पडलंय.

"सोन्याची अंगठी हरवली का गुरुजी?" एकदा चक्कीवाल्याने विचारलं.

"नाही हो. इथून एक मुंगूस गेलंय. उजव्या मागच्या पायाने लंगडतंय बिचारं."

चक्कीवाला हसून हसून लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच चक्कीच्या मागे लंगडं मुंगूस निघालं, तेव्हापासून तो गुरुजींचं दळण रांगेबाहेर घ्यायला लागला.

एकदा शाळेत साहेब तपासणीला आले. धुळीने त्यांना शिंका सुटल्या. गुरुजींनी लगबगीने खिशातून रुमाल काढून पुढे केला आणि त्यातून घुबडाने ओकलेला हाडाकेसांचा गोळा टपकन साहेबांच्या बुटावर पडला. दुसरा कोणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. हे खाली बसले, गोळा उचलला, फोडला, आणि साहेबांना म्हणाले, "बघा, तीन उंदीर! एका रात्रीत!" साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण हेडमास्तर आठवडाभर गुरुजींशी बोलत नव्हते. गुरुजींच्या बायको, आमच्या बाई, म्हणायच्या, "यांच्या खिशात हात घालायचा तर आधी मुलीला शेजारी सोडून यावं लागतं."

आमचं गाव वाळवंटाच्या काठाला. दर हिवाळ्याच्या सुट्टीत गुरुजी दहा-बारा पोरं घेऊन वाळूत तंबू टाकायचे. आठ सकाळी राहायचं, नवव्या दिवशी परत. शेवटच्या थांब्यापर्यंत बस, पुढे चार तास पायी. वाळूतलं चालणं ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. पाहुण्याला आग्रह करावा तशी वाळू पाय धरून ठेवते. पहिल्या तासात गाणी, दुसऱ्यात भांडणं, तिसऱ्यात कोणी कोणाशी बोलत नाही, आणि चौथ्यात फक्त पुढच्याची टाच दिसते. मी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा गेलो आणि चार हिवाळे गेलो. बडबडीमुळे माझं नाव तिथे भोंगा पडलं. आज एकाहत्तराव्या वर्षी नातवंडंही मला भोंगाआजोबा म्हणतात, आता बोला!

तिथली गुरुजींची एक पद्धत होती. संध्याकाळी आम्ही तंबूसमोरची वाळू सपाट करायचो. ओल्या गोणपाटात दगड बांधून तो ओढत न्यायचा, पंचवीस पावलं लांब, चार पावलं रुंद. याला गुरुजी 'पाटी पुसणं' म्हणायचे. मग रात्रभर पाटीवर ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं: उंदराने, सापाने, किड्याने. पहाटे गुरुजींनी हाक मारल्याशिवाय कोणी तंबूबाहेर पाय टाकायचा नाही. ज्याला घाई असेल त्याने मागच्या बाजूने जायचं, पाटीकडे तोंडसुद्धा करायचं नाही. हाक आली की एकामागे एक, गुरुजींच्या पावलात पाऊल ठेवून पाटीच्या कडेने चालायचं आणि वाचायचं. भुंग्याचा माग म्हणजे शिलाई मशीनची टीप. सापाचा माग बघून आमच्यातला लांब्या पहिल्या दिवशी म्हणाला होता, "गुरुजी, इथून सायकल गेलीय." पुढे शाळा सुटेपर्यंत त्याला सगळे 'सायकल कुठे लावलीस?' असं विचारत होते.

जे वाचलं ते वहीत जायचं. एका हिवाळ्याला एक वही. तारीख, वारा कुठला, प्राणी कोणता आणि पुढे ज्याने पहिल्यांदा ओळखला त्याचं नाव. त्या वहीत आपलं नाव लागावं म्हणून आम्ही जीव टाकायचो. मात्र रोजच्या पानावर शेवटची ओळ ठरलेली असायची: 'मांजर — नाही.'

हे म्हणजे वाळूतलं रानमांजर. लहानसं, वाळूच्याच रंगाचं, सहसा कोणाच्या नजरेला न पडणारं. जुन्या मेंढपाळांनी पाहिलेलं, पण गुरुजींना कधीच दिसलेलं नाही. वर्गात त्यांनी फळ्यावर त्याचा पंजा काढून दाखवला होता. "नखं उमटत नाहीत, कारण मांजर नखं आत ओढतं. आणि तळव्याला केस असतात, म्हणून ठसा धूसर येतो, पुसल्यासारखा. पुढच्या पायाच्या ठशात मागचा पाय बरोबर पडतो, म्हणून सगळे ठसे एका ओळीत." इतक्या प्रेमाने तर लोक सुनेचंही वर्णन करत नाहीत.

सातवा हिवाळा माझा चौथा होता. त्या उन्हाळ्यात बाई तापाने गेल्या. सहा वर्षांची मुलगी आत्याकडे ठेवून गुरुजी आमच्याबरोबर आले, पण नुसते शरीराने. हेडमास्तरांनीही बजावलं होतं की पालक कुरकुर करतात, आता या सहली पुरे. सहा सकाळी झाल्या. पाटीवर उंदीर, ससे, खोकड, नेहमीचंच. गुरुजी वाकून बघायचे आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवायचे. तेहतीस वर्षांचा माणूस! सहाव्या संध्याकाळी गोणपाट ओढून झाल्यावर ते वाळूत तसेच बसले. खाऱ्या तळ्याबद्दल काहीतरी म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही. पुढचं तेवढं ऐकू आलं.

"थकलो रे पोरांनो. आता बास वाटतं."

मी सतरा वर्षांचा होतो. त्या वयात आवडत्या माणसाचं असं बोलणं सहन होत नाही, आपण काहीतरी करायलाच हवं असं वाटतं. मी स्वयंपाकाच्या पोत्यातून एक बटाटा घेतला. चाकूने त्याचा तळवा आणि चार बोटं कोरली. ठसा धूसर यावा म्हणून कांबळ्याची लोकर उपटून वरून गुंडाळली, दोऱ्याने बांधली. पहाटे सगळे उठायच्या आधी पाटीच्या कडेला पालथा पडलो आणि हात पोचेल तिथपर्यंत ठसे उमटवले. एका ओळीत, अकरा. माझा स्वतःचा माग मागे सरकत गोणपाटाने पुसला. त्यांनीच शिकवलेलं सगळं त्यांच्यावरच वापरलं. बटाटा सकाळच्या रश्श्यात चिरून टाकला. तो सगळ्यांनी खाल्ला, गुरुजींनीही.

हाक आली. मी ठरल्याप्रमाणे ओरडलो, "गुरुजी, हे काय?"

गुरुजी गुडघ्यांवर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "कोणी हलू नका," एवढंच म्हणाले, आणि ठशांवर स्वतःची सावली पडणार नाही असे सरकत सरकत शेवटपर्यंत गेले. वारा उठायच्या आत त्यांनी वहीत चित्र काढलं. मग उठून मला असं काही मिठीत घेतलं की माझी बडबड दोन दिवस बंद होती. 'मांजर — होय. भोंगा.' वहीत लागलं. ती बातमी ऐकून हेडमास्तरही विरघळले आणि सहली पुढे नऊ वर्षं चालल्या.

मी शाळा संपवून शहरात बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये लागलो. चौतीस वर्षं ब्रेक दुरुस्त केले. मुंगूस, रुमाल, सायकल, सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगितल्या. डब्याच्या सुट्टीत सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत सांगितल्या, दवाखान्याच्या रांगेत सांगितल्या. मांजराची मात्र नाही. आमच्या हिने हे बरोबर हेरलं होतं. "इतकं सांगता, पण गावच्या कोणी मांजराचं काढलं की तुम्हाला खोकला येतो," ती म्हणायची. मी खोकायचो.

गेल्या वर्षी गुरुजींच्या मुलीचा फोन आला. आत्याकडे ठेवलेली ती सहा वर्षांची पोर आता साठीची, निवृत्त नर्स; सगळेच, गुरुजीसुद्धा, तिला ताई म्हणतात. "दादा, बाबांची यादी छापायचीय. इथल्या प्राण्यांची. वाचनालय छापणार आहे. सोळा वह्या आहेत आणि अक्षर कोणालाच लागत नाही. बाबांना आता दिसत नाही. ते म्हणतात, भोंग्याला लागायचं."

म्हणून मी गावी धाकट्या भावाकडे मुक्काम टाकला आणि रोज दुपारी चारला गुरुजींकडे जायला लागलो. दोन जिने, चौतीस पायऱ्या. माझ्या गुडघ्यांनी रोज मोजल्या. वर एकच लांब खोली. खिडकीपाशी गुरुजींची वेताची खुर्ची, भिंतीला टेबल, टेबलावर ताईचा कॉम्प्युटर, आणि खाली पत्र्याच्या पेटीत सोळा वह्या. गुरुजी सत्त्याऐंशीचे. इतके बारीक झालेले की खुर्चीत कोणी सदरा वाळत घातलाय असं वाटावं. मी मोठ्याने वाचायचं, ताईने टाईप करायचं, गुरुजींनी ऐकायचं.

"शेवटच्या वहीपासून मागे जायचं," ते म्हणाले. "जुन्या वह्यांना वेळ लागेल. मध्येच मी गेलो तर निदान नव्या तरी होतील."

"बाबा, काय हे!" ताई म्हणाली.

"काय हे काय? सोयीचं आहे ते सांगतोय."

तर सोळावी वही. मग पंधरावी. चौदावी. मी नसतानाचे हिवाळे. तारीख, वारा, ससा, खोकड, आणि शेवटी: 'मांजर — नाही.' रोज. पानामागून पान. पहिल्या दिवशी मी ती ओळ सहज वाचली. तिसऱ्या दिवशी ती तोंडातून निघताना जड व्हायला लागली. नऊ हिवाळे, दरेकी आठ सकाळी. बहात्तर वेळा मी गुरुजींना वाचून दाखवलं की मांजर नाही. आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मुक्कामाची जागा तीच. ज्या टेकडीखाली मी पालथा पडलो होतो, तीच.

न राहवून विचारलं, "गुरुजी, दरवर्षी एकाच जागी का हो?"

"अरे, मांजर तिथेच आलं होतं ना!" त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. "खरं तर त्याच्या पुढल्या वर्षी खाऱ्या तळ्याकडे मुक्काम न्यायचा ठरवलं होतं. तिथे कोणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं. पण तुझ्या मांजराने थांबवलं. म्हटलं, एकदा आलं म्हणजे पुन्हा येणार." मग म्हणाले, "नंतर तळ्यावर बाहेरची मंडळी आली, त्यांनी सगळं लिहिलं. बरं झालं. कोणीतरी लिहिलं."

त्या दिवशी जिना उतरताना मी मधल्या वळणावर बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना नऊ सहली मिळवून दिल्या. आणि मी त्यांचे नऊ हिवाळे एका बटाट्यापुढे बसवून ठेवले होते. रात्री हिला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छापायच्या आत सांगा. नंतर सांगून काय?"

दुसऱ्या दिवशी सातवी वही निघाली. गुरुजी खुर्चीत ताठ बसले. सदरासुद्धा धुतलेला घातला होता. ताईने चहा ठेवला. मी वाचत गेलो. सातव्या सकाळचं पान आलं. मी सांगायचं ठरवूनच आलो होतो, पण ससा वाचला, उंदीर वाचला, आणि पान उलटलं.

"मांजर राहिलं," गुरुजी म्हणाले.

मी पुढच्या पानावरची तारीख वाचायला लागलो.

"अरे, मांजर राहिलं. उजव्या पानावर खाली, चित्राच्या वर."

"गुरुजी, ते मांजर नव्हतं. ते मी केलं होतं."

"काय केलं होतंस?"

"ठसे. बटाट्याचे."

ताईचे हात थांबले. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, ती काही सुरू होईना.

"कच्चा की उकडलेला?" गुरुजींनी विचारलं.

"कच्चा."

"धूसर कसा आला?"

"लोकर गुंडाळली होती. कांबळ्याची."

"आणि नंतर बटाटा?"

"रश्श्यात."

ताईला हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. गुरुजी हसले नाहीत. बोटांनी खुर्चीच्या हातावर अकरा वेळा टिचक्या मारल्या, सावकाश. "सगळे ठसे उजव्या पायाचे होते," ते म्हणाले. "आता चित्र आठवतंय. अकराही उजवे. मी काढले, माझ्या हाताने काढले, आणि मला दिसलं नाही." मग म्हणाले, "तुझ्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही. ताई, मांजर काढून टाक."

"बाबा, एवढ्या वर्षांनी —"

"काढ. आणि या वहीत आणि अजून वाचायच्या त्याच्या तीन वह्यांत जिथे जिथे भोंगा लिहिलंय, तेही काढ."

"गुरुजी, बाकीचं खरं आहे," मी म्हणालो. "आईशप्पथ खरं आहे. एकच खोटं केलं."

"असेल. पण छापील यादीत 'असेल' लिहायला जागा नसते." आणि मग हळूच, "शिवाय मला दिसत नाही. तू जे वाचतोस तेच आहे हे मी कशावरून धरायचं?"

अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नव्हतं आणि शोधायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. मी वही बंद केली. विचारलं, "उद्या येऊ का?"

गुरुजींनी तोंड खिडकीकडे वळवलं. ताईने दारापर्यंत येऊन सांगितलं, "या तुम्ही."

गेलो. सहावी वही, पाचवी वही. वाचताना नुसतं नाव गाळलं असतं तर नोंद टिकली असती, आणि गुरुजींना कळायचा प्रश्नच नव्हता. साळिंदराच्या नोंदीपाशी फार मोह झाला. त्या पाटीवर मला खरोखरचा काटा सापडला होता, वीतभर, काळा-पांढरा. सगळ्या सोळा वह्यांत साळिंदर एकदाच.

"साळिंदर," मी वाचलं. "भोंगा."

"काढ," गुरुजी म्हणाले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि काढलं.

असं पाच दुपारी चाललं. सत्तावीस नोंदी गेल्या. मी घरी येऊन न जेवता पडायचो. बोलायची इच्छाच होईना; भावाला वाटलं घसा बसलाय, त्याने गुळण्या करायला मीठ-पाणी आणून दिलं. गुरुजीही दमत होते. मध्येच त्यांचा डोळा लागायचा, मी थांबायचो, जागे झाले की "हं" म्हणायचे. गोष्टी नाहीत, थट्टा नाही. आम्ही दोघं जण ओझं घेऊन वाळूतून चाललो होतो आणि चौथा तास सुरू होता.

चौथी वही काढली, म्हणजे माझा पहिला हिवाळा. पान एक, मुक्कामाची जागा, सामानाची यादी. पान दोनच्या तळाला एक ओळ होती. ती मी कधी पाहिली नव्हती. तेव्हा नोंदींची पानं आम्हाला बघायला मिळायची, पण सुरुवातीची ही पानं गुरुजी उलटू द्यायचे नाहीत. मी मनातल्या मनात ती वाचली आणि कान तापले.

गुरुजी म्हणाले, "थांबलास का?"

"वाचतो." मी वही डोळ्यांजवळ धरली. "'नवा मुलगा, भोंगा. पिण्याच्या पाण्याने तोंड धुतलं. विचारलं तर पाणी सांडलं म्हणून खोटं बोलला. पुढल्या वर्षी आणू नये.'"

ताई टाईप करायचं विसरली होती. ही ओळ यादीत जायची नव्हतीच म्हणा.

"शेवटचे दोन शब्द पुन्हा," गुरुजी म्हणाले.

"'आणू नये.' गुरुजी, खाली रेघ आहे. दोनदा मारलेली."

"हं." त्यांनी मान मागे टेकवली. ती ओळ त्यांना पाठ होती, आणि मी ती गाळतो का हे ते ऐकत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "दोनदाच मारली होती. आणि तरी पुढल्या वर्षी आणलं. माझंही चुकलंच." जरा वेळाने म्हणाले, "ताई, भोंग्याच्या नोंदी वेगळ्या ठेव. मांजर नको. बाकीच्या शेवटी घाल. वर लिही, 'एकाच साक्षीदाराच्या नोंदी. साक्षीदार हयात आहे, त्याला विचारावं.'"

"साळिंदरही?" मी विचारलं.

"विचारलंय का मी तुला काही? वाच पुढे."

मी वाचायला लागलो. "वारा पश्चिमेचा. ससा, एक. खोकड, दोन, एक लहान. मांजर — नाही."